बोलण्यापुरती जागा

घशाचं ऑपरेशन होऊन वाचा गेल्यावरसुद्धा आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलायचे ते माझे सासरेच. हे मी कौतुकाने सांगत नाही. दिवसभर लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी गरम रोलरखाली सरकवून घरी आलं की माणसाला दोन मिनिटं शांतता हवी असते. आणि इथे चपला काढायच्या आधीच टेबलावरचा फोन गरजायचा, "आली का सूनबाई? आज उशीर. बस चुकली की मुकादम चुकला?"

आवाज त्यांचाच होता, फक्त तो घशातून न येता फोनमधून यायचा. सासरे भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. भल्या पहाटे शे-दीडशे व्यापाऱ्यांच्या गलबल्यात भाव ओरडून सांगायचा, आणि तोही असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला खिशातला हात बाहेर काढावासा वाटला पाहिजे. त्यात त्यांचा जन्म गेला. मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढावं लागेल म्हणून सांगितलं. ऑपरेशनच्या आधी माझ्या धाकट्या दिराने एका खोलीच्या खिडक्यांना गाद्या लावल्या, सासऱ्यांना माइकसमोर बसवलं आणि वर्तमानपत्रं, जाहिराती, औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर, जे हाताला लागेल ते तासन्‌तास वाचून घेतलं. त्यातून त्याने त्यांच्या आवाजाचा एक प्रोग्राम तयार करून फोनमध्ये बसवला. सासरे बोटांनी टाइप करणार आणि फोन त्यांच्या आवाजात बोलणार.

फोनही साधासुधा नव्हता. दिराला बड्या कंपन्यांच्या फोनचा तिटकारा, म्हणून त्याने लिनक्सवर चालणारा कुठलासा फोन आणला होता. लिनक्स म्हणजे काय ते मला आजही धड सांगता येणार नाही. एवढंच कळलंय की त्यात काही बिघडलं की दुकानदार हात वर करतात आणि दिराला गाठावं लागतं. आणि दीर मालवाहू बोटीवर वीजकाम बघतो, त्यामुळे त्याला गाठायचं म्हणजे आधी त्याची बोट कुठल्या समुद्रात आहे तिथपासून सुरुवात.

तरी दोन वर्षं सगळं झकास चाललं. सासरे सासूबाईंच्या चहाला नावं ठेवत होते, टीव्हीवरच्या बातम्यांना उलट उत्तरं देत होते, दारावर आलेल्या विक्रेत्याशी घासाघीस करून त्याला रडकुंडीला आणत होते. पाटी-पेन्सिल मात्र त्यांनी कधी हातात धरली नाही. दवाखान्यातून येताना नर्सने एक छोटी पाटी दिली होती, ती त्यांनी त्याच दिवशी माळ्यावर टाकायला लावली. लिहून दाखवणं म्हणजे त्यांना शाळेत बाकावर उभं केल्यासारखं वाटायचं. शिवाय त्यांचं अक्षर असं, की बाजारातल्या तोलाऱ्यांशिवाय ते कोणाला लागायचं नाही.

मग थंडी सुरू झाली त्या सुमाराला त्यांचं बोलणं आटत गेलं. आधी बातम्यांना उत्तरं देणं थांबलं. मग विक्रेते सुखाने यायला-जायला लागले. पुढे पुढे तर "हो", "नको", "चहा" एवढ्यावरच कारभार आला. पहिला आठवडा आम्हाला सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटलं. नंतर ती शांतता अंगावर यायला लागली. माझा नवरा दुधाची गाडी चालवतो, पहाटे जातो आणि संध्याकाळी आडवा होतो, पण त्याच्यासुद्धा लक्षात आलं. डॉक्टरांनी एवढ्या मोठ्या आजारपणानंतर मन खचतं म्हणून एक गोळी वाढवून दिली. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच. "माझ्यावर राग आहे त्यांचा," त्या म्हणायच्या. "कशाचा ते सांगत नाहीत. सांगतील तर तो राग कसला?"

त्याच दिवसांत फोन अधूनमधून एक सूचना दाखवायला लागला होता, की जागा संपत आली आहे. माझ्या नवऱ्याने त्यावर रामबाण उपाय केला. एका रविवारी फोन मांडीवर घेऊन बसला आणि त्यातले फोटो पुसत सुटला. पुतणीच्या लग्नाचे व्हिडिओ गेले. सासूबाई आणि त्यांची थोरली बहीण समुद्राच्या पाण्यात पाय बुडवून उभ्या होत्या, तो फोटो गेला. सासूबाईंनी तेवढा ठेवायला सांगितला तर म्हणाला, "आई, बाबांचं बोलणं महत्त्वाचं की फोटो?" एवढं करूनही सूचना जिथल्या तिथे. तेव्हा त्याने हात टेकले आणि झोपायला गेला.

आणि काल सकाळी फोन मुकाच झाला. सासऱ्यांनी काहीतरी टाइप केलं, फोनवर ते गोल फिरणारं चाक फिरत राहिलं आणि मग काहीच नाही. परत टाइप केलं, परत चाक. मी डबा भरत होते. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला, मग मागे घेतला, मग पुन्हा धरला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझ्या हातातलं झाकण डब्यावर बसेना. लिलावाच्या वेळी व्यापाऱ्यांना धाकात ठेवणारा माणूस आणि आता हातात मुका फोन घेऊन सुनेच्या तोंडाकडे बघतोय.

लॉन्ड्रीतली पाळी संपवून मी तो फोन घेऊन बसस्टॉपजवळच्या मोबाईलवाल्याकडे गेले. त्याने फोन उलटा केला, सुलटा केला, चार ठिकाणी बोट फिरवलं.

"ताई, हा काही आपला नेहमीचा फोन नाही," तो म्हणाला. "यातलं सगळं पुसून साधी सिस्टीम टाकून देतो. अर्ध्या तासाचं काम."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. नव्यासारखा होईल."

"यात आमच्या बाबांचा आवाज आहे."

"रेकॉर्डिंग आहे का?"

मी त्याला काय ते सांगितलं. तो बिचारा हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून ऐकत होता. मग त्याने फोन दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिला. "मी नाही हात लावत," म्हणाला. "तो जाईल."

बसमध्ये उभ्या उभ्याच मी माझ्या फोनवरून दिराला निरोप टाकला. घरी पोचून पायावर पाणी घेतलं तेव्हा त्याचं उत्तर आलं.

"वहिनी, कोणालाही पुसू देऊ नका. मूळ रेकॉर्डिंग माझ्या जुन्या लॅपटॉपवर होतं, तो बोटीवर खारं पाणी पिऊन मेला. आवाज आता फक्त त्या फोनमध्ये आहे."

"भाऊजी, नक्कल काढून ठेवली नव्हती?"

"काढणार होतो."

काढणार होतो. आमच्या घराण्याची पाटी दारावर लावायची झाली तर तिच्यावर हेच लिहायला हवं. मी ते त्याला कळवलं नाही, कारण भांडायचं तर निदान माणूस समोर हवा, आणि त्याची ड्यूटी सुरू व्हायला थोडाच वेळ होता. त्याने विचारलं की फोन तारेने दुसऱ्या कशाला जोडता येतो का. शेजारच्यांचा लॅपटॉप मागून आणला, जोडून बघितला. फोन इतका गच्च भरलेला की आपल्याला कोणी जोडलंय याची दखल घ्यायलाही त्याच्यात जागा नव्हती.

"मग फोनवरच करावं लागेल," दिराने लिहिलं. "मी सांगतो तसं टाइप करा. एंटर दाबायच्या आधी प्रत्येक वेळी स्क्रीनचा फोटो काढून पाठवा."

मी म्हटलं, मला इंग्रजी लॉन्ड्रीच्या पावत्यांपुरतं येतं. तो म्हणाला, तेवढं पुरे.

जेवणाच्या टेबलावर मी बसले, समोर सासरे, आणि सासूबाई बाजूला भाजी निवडत. आतल्या खोलीतून नवऱ्याचं घोरणं ऐकू येत होतं. फोनवर एक काळी खिडकी उघडली, त्यात पांढरी अक्षरं. रोलरजवळ काम करून माझ्या बोटांची टोकं निबर झालीयेत, ती त्या इवल्याशा अक्षरांवर धड बसेनात. एक अक्षर दाबावं तर शेजारचं उमटायचं. सासरे माझ्या हाताकडे एकटक बघत होते. मधेच त्यांचा हात पुढे यायचा आणि मग तेच मागे घ्यायचे.

पहिली आज्ञा दोनच अक्षरांची होती. ती दिल्यावर एक तक्ता आला, आकड्यांनी भरलेला. मी फोटो पाठवला. उत्तर यायला इतका वेळ लागला की सासूबाईंची भाजी निवडून झाली.

"सापडलं," दिराने लिहिलं होतं. "फोनमध्ये दोन कप्पे आहेत. एक लहान, त्यात सिस्टीम राहते. एक मोठा, त्यात तुमचं सामान. लहान कप्पा पूर्ण भरलाय. मोठा निम्माही नाही. बोलण्याआधी प्रोग्राम प्रत्येक वाक्य क्षणभर लहान कप्प्यात लिहून घेतो. तिथे जागाच नाही, म्हणून आवाज फुटत नाही."

"आणि फोटो कुठल्या कप्प्यात होते?"

"मोठ्या."

मी ते एकदा वाचलं आणि पुन्हा वाचलं. म्हणजे माळा रिकामा केला आणि अडगळ होती स्वयंपाकघरात. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणतोय. मी म्हटलं, काही नाही, बघतोय. त्यांच्या बहिणीचा तो फोटो उगाच गेला हे आत्ताच सांगायची माझ्यात ताकद नव्हती. आणि ज्याने पुसला तो आत घोरत होता, त्याचा मला खरंच राग आला.

पुढची आज्ञा कुठल्या वस्तूने किती जागा खाल्ली ते दाखवणारी होती. यादी वर सरकत गेली. दिराने तिच्यातली दोन नावं दाखवली. एक होतं अपडेटच्या सामानाचं, दुसरं फोनच्या स्वतःच्या नोंदींचं. फोन दिवसभर काय काय करतो ते तो स्वतःशी लिहून ठेवतो म्हणे. दिराने त्यातल्या शेवटच्या ओळी काढून पाठवायला सांगितल्या. मी पाठवल्या. सगळ्या ओळी सारख्याच दिसत होत्या.

दिराचं उत्तर आलं. "अपडेट उतरवायचा प्रयत्न करतोय, जागा पुरत नाही. मग अर्धवट उतरवलेलं तिथेच टाकून देतो आणि लिहितो, की जागा नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. काही महिने चाललंय हे."

"म्हणजे जागा नाही, जागा नाही असं लिहून लिहून त्याने जागा संपवली?"

"बऱ्यापैकी."

मला हसू आलं, आणि थकलेल्या माणसाचं हसू असतं तसं ते थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सासूबाईंना सांगितलं तशा त्या म्हणाल्या, "रडगाणं गाऊन गाऊन जागा अडवायची. आपल्या घरात कोणावर गेलाय गं हा फोन?" मी सासऱ्यांकडे बघितलं, म्हटलं हसतील. ते हसले नाहीत. ते भुवया आवळून त्या काळ्या खिडकीकडे बघत होते, जणू तिथे कुणी त्यांचं नाव घेतलंय.

आता साफसफाई. त्यासाठी एक सोपी आज्ञा असते म्हणे, ती दिली की फोन स्वतःच आवरून घेतो. ती दिली. फोन म्हणाला, आवरायला जागा नाही. यावर मी काही बोलत नाही. माझ्या स्वयंपाकघराचं वर्षानुवर्षं हेच आहे.

"मग हाताने पुसावं लागेल," दिराने लिहिलं. "वहिनी, ही आज्ञा जपून. जे सांगाल ते पुसते, पुन्हा विचारत नाही. मध्ये कुठेही जास्तीची मोकळी जागा सुटली तर भलतंच पुसेल. आवाजसुद्धा. टाइप करा, फोटो पाठवा, मी हो म्हटल्याशिवाय एंटर दाबू नका."

मी एकेक अक्षर टाइप केलं. फोटो पाठवला. आणि दिराकडून काहीच येईना.

आधी वाटलं, विचार करत असेल. मग निरोपासमोरची खूणच सांगायला लागली की तो गेलाच नाही. बोट, समुद्र, आकाशातला उपग्रह, या तिघांचं कुठेतरी बिनसलं होतं. दिराची ड्यूटी सुरू व्हायची वेळ होत आली होती. बाबांच्या फोनची बॅटरी लाल झाली होती. चार्जर लावला तर तोही मान्य नव्हता, तापलाय म्हणून. फोन बंद पडला तर भरलेल्या कप्प्यासकट तो पुन्हा सुरू होईल का, याचं उत्तर दिराने आधीच दिलं होतं. म्हणाला होता, होईलच असं नाही.

माझा अंगठा एंटरवर होता. ओळ मला बरोबर दिसत होती. दिराने पाठवलेली आणि मी लिहिलेली, दोन्ही शेजारी धरून मी अक्षर न्‌ अक्षर जुळवलं होतं. पाय ठणकत होते, डोळ्यांसमोर अक्षरं नाचत होती, आणि खरं सांगायचं तर मनात येत होतं की दाबून मोकळी होऊ, जे व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे. दाबलं नाही ते शहाणपणाने नाही. सासऱ्यांनी टेबलावरून हात पुढे करून माझं मनगट धरलं होतं. घट्ट नाही, नुसतंच. सांगायचं काय होतं कोण जाणे, थांब म्हणायचं होतं की दाब म्हणायचं होतं. मी थांबले.

मग निरोप एकदम तीन आले.

"थांबा."

"दाबू नका."

"मधल्या तिरप्या रेघेनंतर एक मोकळी जागा आहे. कीबोर्डने स्वतःच घातली असणार. ती काढा."

मी डोळे ताणून बघितलं तेव्हा कुठे ती दिसली. केसाएवढी फट. तेवढ्या फटीतून या माणसाचा आवाज कायमचा गेला असता. सासूबाईंनी न विचारता पाण्याचा पेला पुढे केला. मी फट काढली, पुन्हा फोटो पाठवला.

"आता दाबा."

दाबलं. काही झालं नाही. म्हणजे धूर नाही, आवाज नाही, शाबासकी नाही. नुसती खाली एक नवी ओळ आली. दिराने पहिली दोन अक्षरांची आज्ञा पुन्हा द्यायला सांगितली, आणि तक्त्यात लहान कप्पा निम्म्याहून जास्त रिकामा दिसत होता. मग नोंदी छाटल्या, त्यांना मर्यादा घातली, अपडेटचं तोंड बंद केलं. फोन थंड झाला, चार्जर घ्यायला लागला. मग दिराने माझ्याकडून आवाजाची एक नक्कल मेमरी कार्डावर काढून घेतली आणि कार्ड काढून वेगळं ठेवायला लावलं. मी ते सुईदोऱ्याच्या डबीत ठेवलं, कारण आमच्या घरात तेवढी एकच वस्तू कोणी हरवत नाही.

"ड्यूटीवर चाललो," दिराने लिहिलं. "बाबांना बोलायला लावा."

मी फोन सासऱ्यांसमोर सरकवला. "बोला बाबा."

त्यांनी टाइप केलं आणि फोनमधून तो भरदार आवाज आला, "हो."

"हो काय? नीट वाक्य बोला. बघायला नको का?"

ते बोट उचलून बसून राहिले. मग टाइप केलं, "किती जागा आहे?"

"भरपूर. निम्म्याहून जास्त रिकामी."

"त्यात किती बोलणं बसेल?"

मला प्रश्न नीटसा कळला नाही. मी म्हटलं, "बोलण्याचं काय? कितीही बसेल."

त्यांनी मान हलवली. मग पुन्हा, "माझं जुनं बोलणं पुसलंस का?"

आता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दिराने दोन वर्षांपूर्वी मोठ्या अभिमानाने त्यांना सांगितलं होतं, की तुम्ही बोललेलं प्रत्येक वाक्य फोन जपून ठेवतो, म्हणजे तेच पुन्हा बोलायचं झालं तर लगेच बोलता येईल. आणि मग फोन म्हणायला लागला, जागा संपत आली. बाजारात जन्म काढलेल्या माणसाने हिशोब मांडला. पोतं आहे एवढं, माल आहे एवढा. भरत चाललंय, तर भरणं थांबवा.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही जागा वाचवत होता?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

मी दिराने दाखवलेल्या पद्धतीने मोठ्या कप्प्यात जाऊन त्यांच्या वाक्यांचं माप काढलं. चुकत माकत, दोनदा टाइप करून. मग फोन त्यांच्यासमोर धरला. "हे बघा. ही तुमची दोन वर्षांची बडबड. सगळी मिळून पुतणीच्या लग्नाच्या एका व्हिडिओएवढीसुद्धा नाही. आणि ती लहान कप्प्यात साठत नव्हतीच कधी. तुमच्या बोलण्याने काहीच भरलं नव्हतं. तुम्ही फुकट गप्प बसलात."

सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "म्हणजे राग नव्हता?" त्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी टाइप केलं. इतक्या महिन्यांनी त्यांची बोटं अशी भराभर चालताना बघितली. "राग कसला येतोय? तुझ्या चहाला चव नसते तो वेगळा विषय. भांडी विसळलेलं पाणी बरं. चार महिने मुकाट्याने प्यायलो."

सासूबाईंचा चेहरा वाकडा झाला, हसावं की रडावं हे त्यांचं त्यांना ठरेना. "अहो, मग तसं बोलायचं की! एवढा जीव टांगणीला लावला माझा. मी मेली रोज विचार करते, माझं काय चुकलं." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा बसल्या, या वेळी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. "आणि एवढी जागा वाचवून करायचं काय होतं? कोणासाठी ठेवली होती?"

सासरे थोडा वेळ टाइप करत राहिले. पुसलं, पुन्हा केलं. मग फोन बोलला.

"नर्सने सांगितलं होतं, पुन्हा दवाखान्यात राहायची वेळ आली तर कुठे दुखतं ते मला नीट सांगता यायला हवं. तेव्हा फोनमध्ये जागा नसेल तर काय करू? म्हणून तेवढी ठेवली होती."

आतलं घोरणं थांबलं होतं. दारात नवरा येऊन उभा होता, केस विस्कटलेले, एका डोळ्याने बघत. गेल्या महिन्यात तपासणीला मीच त्यांच्याबरोबर गेले होते. डॉक्टरांनी विचारलं होतं, गिळताना वगैरे काही त्रास? सासऱ्यांनी नकारार्थी मान हलवली होती आणि मी घड्याळाकडे बघत होते, कारण मला दुपारची पाळी गाठायची होती.

"आता आहे ना जागा," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आता सांगा. दुखतंय कुठे?"

त्यांनी टाइप केलं. फोनमधला आवाज धडधाकट माणसाचा होता, गाद्या लावलेल्या खोलीत बसून औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर वाचणाऱ्या माणसाचा. त्याला थकणं माहीत नव्हतं. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा जोरात म्हणाला, "गिळताना दुखतं. डाव्या बाजूला. थंडी पडली तेव्हापासून. पाणी जातं, पण ब्रेड अडकतो. रात्री कानापर्यंत कळ येते."

बोटाने दाखवता आलं असतं. हे माझ्या मनात आलं, नवऱ्याच्याही आलं असणार, सासूबाईंच्याही. मी उठले आणि दवाखान्याचं कार्ड शोधायला ड्रॉवर उघडला.

मागे सासूबाईंनी त्यांच्या गळ्यावरच्या ऑपरेशनच्या छिद्रावर बांधलेला कापडी पट्टा हलकेच बाजूला केला आणि डावीकडे दोन बोटं ठेवली. "इथे?" त्यांनी विचारलं.

मान हलवली असती तरी चाललं असतं. पण त्यांनी फोन जवळ ओढला, चष्मा सारखा केला आणि सावकाश, एकही अक्षर न गाळता टाइप करायला लागले. आम्ही तिघं वाट बघत थांबलो.

"हो," फोन म्हणाला. "तिथेच. जरासं खाली. आणि तुझा हात गार आहे, पण राहू दे."